दंड तूर्त थांबवला आहे

फोन वाजला तेव्हा उपेंद्र इस्पितळाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून ब्ला खात होता. ब्ला हा वॉटरफोर्डचा पाव. पांढरा, मऊ, वरून पीठ भुरभुरलेला, आणि खाणाऱ्याच्या कोटावर पुरावा ठेवल्याशिवाय न संपणारा. मागच्या आठवड्यात बर्फ पडला तेव्हा अख्ख्या गावात पाव मिळेनासा झाला होता, आणि त्या बर्फाचे काळपट ढीग अजून पार्किंगच्या कोपऱ्यांत वितळायचं नाव घेत नव्हते. नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबर म्हणजे नोकरी, असं त्याला अजूनही वाटायचं, कंपनीनं त्यांचा अख्खा विभाग बंद केल्याला हिवाळा उलटून गेला तरी. म्हणून घास गालात सरकवून, घसा साफ करून त्यानं मुलाखतीच्या आवाजात 'हॅलो' म्हटलं. बाई सोशल वेल्फेअरच्या ऑफिसातून बोलत होती. नाव ऑर्ला. "तुम्ही दोन भेटींना आला नाहीत," ती म्हणाली. "कळवलंही नाहीत. नियमाप्रमाणे तुमचा बेकारभत्ता कमी करायचा, ते माझ्या हातात आहे. पण मी ते पुढे पाठवलेलं नाही. थांबवून ठेवलंय. तुम्ही या आणि काय झालं ते मला सांगा. कारण ऐकल्याशिवाय दंड लावणं मला पटत नाही. पण कारणच मिळालं नाही, तर मात्र मला पाठवावं लागेल, आणि एकदा गेलं की परत फिरवणं अवघड. उद्या दहाला..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपेंद्र म्हणाला, "हो, हो, चालेल," आणि वर दोनदा आभार मानले.

वास्तविक दंड टळल्याचं ऐकून माणसानं सुटकेचा नि:श्वास टाकावा; दुसरा कुणी असता तर त्यानं उरलेला ब्ला चवीनं खाल्ला असता. उपेंद्रनं तो कागदात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवून दिला. दंडाची त्यानं तयारी करून ठेवली होती. मनातल्या मनात तो केव्हाच भरूनही टाकला होता. दंडाचं एक बरं असतं, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. तो येतो, आपण मान खाली घालतो, प्रकरण मिटतं; वर आपण निमूटपणे सोसलं याचं थोडं समाधानही पदरात पडतं. पण ही बाई त्याला विचारत होती. काय झालं? तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिचा आवाज शेजारणीनं कुंपणावरून हाक मारावी तसा होता, आणि त्या आवाजाला उद्या दहा वाजता तोंड उघडून काहीतरी सांगायचं होतं. नाही सांगितलं तर भत्ता कापला जाणार, घरभाड्याची ओढाताण बायकोच्या, अलकनंदाच्या, एकटीच्या पगारावर पडणार, हे तर झालंच. पण त्याला जे जड जात होतं ते ही ओढाताण नव्हती. सांगण्यासारखं काही नव्हतंच मुळी. झालं होतं ते इतकंच, की 'त्या वेळी मला जमणार नाही' हे पाच-सहा शब्द अठ्ठेचाळीस वर्षांच्या, नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेल्या, आता आयर्लंडचा नागरिक असलेल्या माणसाच्या तोंडून निघाले नव्हते. आता हे कारण म्हणून कुणापुढे ठेवायचं तरी कसं?

त्याची सुरुवात नोरापासून झाली. नोरा कायली शेजारच्या घरात एकटी राहायची. सत्तरी पार केलेली, किडन्या दोन्ही बसलेल्या, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस. तिला न्यायला इस्पितळाकडून टॅक्सी येई. जानेवारीत एका सकाळी टॅक्सीला उशीर झाला आणि ती दारात, पावसात, पिशवी छातीशी धरून उभी दिसली. उपेंद्रला घरी बसून काय उद्योग होता? त्यानं गाडी काढली. पुढच्या खेपेला ती त्याच्याच फाटकाशी उभी होती, टॅक्सीला नको म्हणून सांगून आलेली. टॅक्सीवाला फार बोलतो म्हणे. उपेंद्र बोलत नसे, हा त्याचा गुण ठरला. मग ते लागूनच गेलं. आणि नुसतं पोचवून भागत नव्हतं. सुईची तिला दहशत होती. इतकी वर्षं टोचून घेतल्यावरही होती. हातातल्या फुगलेल्या शिरेत जाडजूड सुया जाईपर्यंत ती त्याचा हात धरून ठेवी आणि छताकडे बघत मुलींच्या शाळेतली कुठलीतरी प्रार्थना पुटपुटे. तिची बोटं थंड, हाडकुळी, आणि धरण्यात विलक्षण जोर. सुया गेल्या की ती हात सोडायची आणि लगेच म्हणायची, "जा आता, चहा पी." मग मशिनचा तो लयीतला आवाज सुरू झाला की उपेंद्र बाहेर येई. कंपनी सुटल्यापासून आपला कुणाला तरी काही उपयोग आहे असं त्याला ज्या घटका वाटे, त्या याच.

आणि मग फेब्रुवारीत ऑफिसातून कुणीतरी फोन करून विचारलं होतं, गुरुवारी साडेदहा चालेल का. गुरुवारी साडेदहाला नोराच्या सुया असतात हे त्याला ठाऊक होतं. बोलता बोलताच ठाऊक होतं. एकीकडे डोकं सांगत होतं की नाही जमणार, आणि दुसरीकडे तोंडानं "चालेल, चालेल, थँक यू" म्हणून टाकलं होतं. याला आपल्याकडे भीड म्हणतात. सरकारी माणसानं वेळ दिली, तर ती आपल्याला सोयीची आहे की नाही हा विचार मनात आणणंसुद्धा त्याला आगाऊपणाचं वाटे. त्याला वाटलं, जमवू काहीतरी. जमलं नाही. नोरानं हात सोडला तेव्हा घड्याळात भेटीची वेळ होऊन गेली होती. मग फोन करून सांगावं, तर काय सांगणार? तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं ते खोटं होतं? शिवाय शेजारणीच्या आजाराची ढाल पुढे करायची म्हणजे तिच्या दुखण्यावर आपली पोळी भाजून घ्यायची. आणि 'सकाळी दुसऱ्याची कामं करत हिंडतोस, मग तू नोकरीला मोकळा कसला?' असं उलट कुणी विचारलं तर? गप्प बसणं त्यातल्या त्यात स्वच्छ वाटलं. दुसऱ्या वेळेलाही गुरुवारच आला, दुसऱ्या वेळेलाही तो "चालेल" म्हणाला. पहिल्या चुकीबद्दल मनात इतकं ओशाळलेपण होतं, की दुसऱ्यांदा नाही म्हणण्याचं तोंडच उरलं नव्हतं.

साडेतीनला तो नोराला आणायला वर गेला तेव्हा ती कोट चढवून, फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे डोळ्यांच्या विभागातलं कुणीतरी होतं. "नाही गं बाई," नोरा सांगत होती, "बुधवार मला अजिबात सोयीचा नाही. बुधवारी माझे केस करायचे असतात. पुढचा आठवडा बघ." मग थोडं थांबून, "हां, तो चालेल. देव तुझं भलं करो." आणि फोन पर्समध्ये टाकून तिनं उठण्यासाठी त्याच्यापुढे हात केला. उपेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. केस करायचे म्हणून या बाईनं इस्पितळाला परत पाठवलं होतं आणि इस्पितळ मुकाट्यानं गेलंही होतं. गाडीत बसल्यावर त्यानं, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही, तिला विचारलं, "मिसेस कायली, तुम्ही कधी वेल्फेअरच्या ऑफिसात गेला होता?" ती म्हणाली, "मी नाही. पण माझा नवरा, मिक, जायचा. काचेचा कारखाना बंद पडला ना, तेव्हा निम्मं गाव त्या रांगेत होतं. मिक रोज सकाळी दाढी करून जायचा, भेट असो वा नसो." ती खिडकीतून बाहेर नदीकडे बघत होती. "मी म्हणायचे, तुला कुणी बोलावलं नाही. तो म्हणायचा, न बोलावता जातो तोवर मी माझ्या मर्जीनं जातो. वेडाच होता." आणि मग मान वळवून, "का? तुला काही त्रास देतात का रे ते लोक?" उपेंद्र चटकन म्हणाला, "नाही, नाही, सगळं ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत नुसतं ठीक. तेवढं बोलून झाल्यावर आपण आज दुसऱ्यांदा तेच केलं हे त्याच्या ध्यानात आलं.

डनमोर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली आणि त्याला वडील आठवले. आठवले म्हणजे ते येऊनच बसले शेजारी. नंदकुमार, पाटबंधारे खात्यातले कारकून, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, आणि कुठल्याही साहेबासमोर गेले की किंचित पुढे झुकणारी पाठ. घरात मोठ्यानं हसणारा हा माणूस ऑफिसच्या पायऱ्या चढताना आवाज बाहेर काढून ठेवी. लहानपणी उपेंद्र एकदा त्यांच्याबरोबर ऑफिसात गेला होता आणि तिथं त्यानं तो शब्द प्रथम नीट ऐकला. साहेब म्हणाले, "नंदकुमार, सिरोंच्याला जागा रिकामी आहे. जाल का?" सिरोंचा म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्याचं पार टोक, नदीकाठ, जंगल, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की माणूस तिकडचा तिकडेच. आईला तेव्हा दिवस गेलेले होते, आधीचं एक मूल गेलेलं होतं, डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठू नका म्हणून बजावलं होतं. हे सगळं त्या नऊ वर्षांच्या पोराला माहीत होतं. तो वडिलांच्या तोंडाकडे बघत होता, की आता ते सांगतील. वडील म्हणाले, "चालेल साहेब." इतक्या लगेच म्हणाले, की साहेबांना चहाचा घोट घ्यायलाही वेळ मिळाला नाही. परत येताना त्यांनी पोराला संत्र्याची बर्फी घेऊन दिली आणि म्हणाले, आईला मीच सांगीन, तू काही बोलू नकोस. पोर बोललं नाही. पुढं पावसाळ्यात एका दुपारी शेजारच्या वसुधाकाकू आईला सायकलरिक्षात घालून मेयो हॉस्पिटलात घेऊन गेल्या आणि उपेंद्र फाटकाशी उभा राहिला, कितीतरी वेळ. आई परत आली ती रिकाम्या हातांनी. मुलगी झाली होती असं कुणीतरी कुणाला तरी सांगताना त्यानं ऐकलं. वडील आले तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. रस्ता उघडल्याबरोबर निघालो, ते म्हणत होते, एकदा, दोनदा, पुन्हापुन्हा. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या वर्षाविषयी त्यानंतर घरात कुणी कधी बोललं नाही. आईसुद्धा नाही, वडील वारल्यावरसुद्धा नाही.

त्याहून एक वाईट गोष्ट होती आणि ती तो सहसा आठवत नसे. आज सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं एकदा सौम्यपणे हॉर्न दिला, तरी ती मागं हटली नाही. उपेंद्र कॉलेजात असताना ते साहेब रिटायर होऊन एकदा घरी आले होते, सहज, इकडून जात होतो म्हणून. दिवाणखान्यात बसून पोहे खाल्ले. बोलता बोलता सिरोंच्याचा विषय निघाला, आणि वडिलांनी हसत हसत, जणू मजेदार आठवण सांगावी तसं, तेव्हा बायको अडलेली होती, रस्ते बंद होते, असं काहीसं सांगून टाकलं. साहेबांचा हात पोह्यांच्या बशीवर थांबला. "अहो, मग बोलला का नाहीत?" ते म्हणाले. "तुमच्या शेजारच्या टेबलावरचा बाळू सिरोंच्याला जायला टपला होता. सासुरवाडी होती त्याची तिथं. तुम्ही नाही म्हटलं असतं तर दोन मिनिटांत त्याची ऑर्डर काढली असती." वडील म्हणाले, "चालायचंच साहेब." आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कपांचा जराही आवाज न करता, आणि आत निघून गेली. ती रडली असती, भांडली असती तर त्याला ते विसरताही आलं असतं. साहेब दुष्ट नव्हते, हेच त्यात असह्य होतं. तिकडून कुणी दार लावून घेतलं नव्हतं. इकडून कुणी वाजवलंच नव्हतं. आणि आज, इतक्या लांबच्या बेटावर, ऑर्ला नावाच्या बाईनं दार उघडं धरून ठेवलं होतं आणि नंदकुमारांचा मुलगा उंबऱ्याशी घामाघूम होऊन उभा होता.

संध्याकाळी अलकनंदा गावाबाहेरच्या औषधकंपनीच्या लॅबमधून आली, बूट काढले, आणि तो खिचडी परतत होता तिथं येऊन प्रेसमधून ताटल्या काढायला लागली. कपाटाला प्रेस म्हणायची सवय त्यांना लेकीनं लावली होती. त्यानं खिचडीकडे बघत, अलकनंदाकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. दोन भेटी, दंड, तो थांबवणारी बाई. ती ताटल्या हातात धरून उभी राहिली. "आणि मला हे आज कळतंय?" ती म्हणाली. पुण्याची बाई, आवाज चढवत नसे. शब्द मात्र एकेक वेचून ठेवी. "नोराचा हात धरायला जातोस त्याचं मला कौतुक आहे. खरंच आहे. पण तू गप्प बसतोस आणि त्याचं भरतं कोण? मी भरते. विभाग बंद झाला तेव्हा तुझ्याच शेजारच्या टेबलावरच्या चंद्रहासनं तोंड उघडून बदली मागितली, आज तो डब्लिनच्या ऑफिसात बसलाय. तू काय म्हणालास? तुम्हाला योग्य वाटेल ते." उपेंद्र म्हणाला, "मला वाटलं, ते समजून घेतील." ती म्हणाली, "मी तुला समजून घेता घेता थकले, उपेंद्र. ते परके लोक कुठून समजून घेणार?" त्यात राग होता, पण ताटल्या तिनं हळूच ठेवल्या, आणि खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या कोटावर राहिलेलं ब्लाचं पीठ तिनं हातानं झटकलं. टेबलाशी अभ्यास करत बसलेल्या सानिकानं हेडफोनचा एक कान मोकळा केला. घरातलं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र वॉटरफोर्डचं येई. "बाबा, यू जस्ट रिंग देम, लाइक," ती म्हणाली. "एव्हरीवन डज." आणि पुन्हा हेडफोनमध्ये गेली. तिच्या आवाजात उपदेश नव्हता. तिला खरोखरच यात अवघड काय ते कळत नव्हतं, आणि ते बघून उपेंद्रला मनापासून हायसं वाटलं. हिच्यापर्यंत ते पोचलेलं नव्हतं. मेयो हॉस्पिटल, बर्फी, तो ट्रे, यातलं काहीही समुद्र ओलांडून हिच्यापर्यंत आलं नव्हतं.

सकाळी त्यानं दाढी केली. मनात त्यानं एक लांबलचक इंग्रजी निवेदन जुळवलं होतं, रजेच्या अर्जासारखं, ज्यात 'अपरिहार्य' हा शब्द तीनदा येत होता. ऑफिसात हिटर जरा जास्तच होता. खुर्च्यांवर माणसं नेहमीसारखी बसली होती, एकमेकांपासून एकेक खुर्ची सोडून, आणि प्रत्येक जण आपण इथं चुकून आल्याचा चेहरा करून. ऑर्ला पन्नाशीची निघाली, जाडसर स्वेटर, चष्मा केसांत खोचलेला. तिनं बर्फाची चौकशी केली, त्याच्या पाइपांत पाणी गोठलं होतं का ते विचारलं, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली. उपेंद्रनं निवेदन सुरू केलं. आय अॅम एक्स्ट्रीमली सॉरी, असं ते सुरू होत होतं. "थांबा," ती म्हणाली. "माफी नको. माफी भरायला माझ्या स्क्रीनवर जागाच नाही. कारण भरायला आहे." तिच्या या बोलण्यानं निवेदन जे कोसळलं ते पुन्हा काही उभं राहिलं नाही. समोर फक्त ती होती आणि हिटरची घरघर. उपेंद्र म्हणाला, "वेळ विचारली तेव्हा मला माहीत होतं की मला जमणार नाही. मी तरी हो म्हटलं." एवढं बोलल्यावर त्याला जाणवलं की आपले कान तापलेत. पण थांबावंसं वाटेना. मग त्यानं शेजारीण सांगितली, सुया सांगितल्या, नाव तेवढं टाळलं. "नाही म्हणणं आमच्याकडे उद्धटपणाचं मानतात," तो म्हणाला, आणि मग ते पुरतं खरं नाही असं वाटून, "म्हणजे, माझ्या वडिलांना ते कधी जमलं नाही. मलाही जमत नाही." ऑर्ला हसली नाही. सहानुभूतीनं मानही हलवली नाही. चष्मा डोळ्यांवर ओढून ती म्हणाली, "भीड वाटली, असं मला इथं लिहिता येत नाही. पण शेजाऱ्याला डायलिसिसला नेत होतो, हे येतं. आणि ते खरं आहे." ती टाइप करत राहिली. "उद्या नोकरी आली तर त्या बाईंचं काय?" "इस्पितळाची टॅक्सी आहे," उपेंद्र म्हणाला. "मी त्यांना सांगीन की टॅक्सी पुन्हा चालू करून ठेवा. आजच सांगीन." "उत्तम," ती म्हणाली. "मग दंड थांबलेला नाही, संपलाच. आता हे बघा. तुमच्यासारख्या अनुभवी लोकांसाठी एक कोर्स आहे, क्लाउड कंप्युटिंगचा, चांगला आहे, त्यातून माणसं लागतात नोकरीला. मंगळवार-गुरुवार, सकाळी दहाला. टाकू नाव?"

चालेल, हा शब्द तयारच होता. तो घशात नव्हता, त्याच्याही पुढं, दातांच्या मागे येऊन उभा होता, आणि त्याच्यामागे तो नेहमीचा ऊबदार सुटकेचा भाव, की म्हणून टाकलं की झालं. या बाईनं एवढं केलं. आता हिलाच परत अडवायचं? सकाळी नोरा टॅक्सीनं जाईलच की. सुईच्या वेळी नर्स धरेल हात. सगळं खरं होतं. तेवढ्यात त्याला वडिलांची ती झुकलेली पाठ स्वतःच्या पाठीत जाणवली. तो खुर्चीत पुढे सरकलेला होता, साहेबांच्या टेबलाशी झुकावं तसा. तो मागे टेकून बसला. त्यानं काही धैर्यबिर्य गोळा केलं नाही. खुर्चीला पाठ लागली आणि तोंडून निघालं, "नाही. मंगळवार-गुरुवार सकाळी मला जमणार नाही. दुसऱ्या कुठल्या वेळी असेल तर कोर्स मला हवा आहे. खरंच हवा आहे." बोलून झाल्यावर काहीतरी होईल म्हणून तो थांबला. ऑर्लानं यादीत खाली जाऊन दोनदा क्लिक केलं. "सोमवार-बुधवार संध्याकाळचा आहे," ती म्हणाली. "तो?" "तो चालेल," उपेंद्र म्हणाला. तिनं नाव टाकलं आणि त्याला कोटाची बाही दाखवून म्हणाली की तुमचं बटन तुटायला आलंय.

बाहेर आल्यावर नदीवरून थंड वारा येत होता आणि जुन्या बर्फाचं पाणी फूटपाथच्या कडेनं वाहत होतं. अलकनंदाला त्यानं मेसेज केला. मग, नागपुरात आता दुपारच्या चहाची वेळ झाली असेल असा हिशेब करून, आईला फोन लावला. आई ऐंशीच्या पुढची, वसुधाकाकूंच्या घराशेजारी त्याच घरात अजून राहणारी. तिच्याशी रविवारी बोलायचं ही रीत होती. "काऊन रे," ती घाबरून म्हणाली, "आज मधातच फोन केला? बरं आहे नं सगळं?" "बरं आहे आई. ऐक नं." तो गाडीत बसला, दार लावून घेतलं. नोकरी गेल्याचं तिला माहीत होतं. दंडाचं माहीत नव्हतं. त्यानं तेही सांगितलं, सुया सांगितल्या, आणि आता हे, ऑफिसातलं. "त्यांनी वेळ दिली, आई, आणि मी नाही म्हटलं. म्हटलं, मला जमत नाही." मग आई म्हणाली, "मग? साहेब काय म्हणे?" "बाई आहे साहेब." "बाई का असेना. रागावली?" "नाही. म्हणाली, मग संध्याकाळचं करू." "अन्?" "अन् काही नाही. नाव लिहिलं माझं." "मंग?" "मग मी निघालो." फोनमध्ये मागं कुठंतरी नळाचं पाणी भांड्यावर पडत होतं. "इतकंच असते?" आई म्हणाली. तिचा आवाज त्यानं पूर्वी कधी न ऐकलेल्या जागेवरून येत होता. "इतकंच असते का रे बापा ते?" "इतकंच, आई," तो म्हणाला, आणि डोळे भरून आले ते त्यानं भरू दिले. आईनं नळ बंद केल्याचं ऐकू आलं. खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. "तुझी बहीण," ती म्हणाली आणि थांबली. हा शब्द त्या घरात त्यानं पहिल्यांदाच ऐकला. "गोरी होती. केस होते भरपूर. मी पाहिली होती तिले. नाव पण ठेवलं होतं मनात." मग तिनं विचारलं, "तुले वेळ आहे का, उपेंद्र? की कामात आहेस?" गेला अख्खा हिवाळा कुणी वेळ आहे का विचारलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यानं सीट मागे सरकवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वेळ आहे, आई," तो म्हणाला. "सांग."